मदत हवी आहे: वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबासाठी मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला)

मी ठाण्यात राहते. ओळखीतलं मुरबाड तालुक्यातलं कातकरी कुटुंब, नवरा-बायको आणि दोन लहान मुलं, पावसाच्या तोंडावर रायगडमधल्या वीटभट्टीवरून पाड्यावर परतलंय. दिवाळीआधी उचल घेतली होती. अख्खा हंगाम विटा पाडूनही ती फिटली नाही म्हणे. हातात आठवड्याची खर्ची तेवढी, हिशेब कधी दाखवला नाही. बाजारालासुद्धा दोघांना एकत्र सोडत नसत. आधार कार्डं अजून शेठकडेच आहेत. मुकादम बजावून गेलाय, दिवाळीनंतर कामावर या, नाहीतर पैसे टाका.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ प्रमाणे मालकावर असते, एवढं वाचलंय. पण पोलीस म्हणाले, देण्याघेण्याचा मामला आहे. इकडच्या महसूल कार्यालयात उत्तर मिळालं, भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडे जा. (म्हणजे मजुरी बुडवून शेठच्याच गावात जाऊन उभं राहायचं!)

लेखी कागद एकही नाही. मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज मात्र जपून ठेवलेत. खाजगी वकील परवडणार नाही. नावं इथे देत नाही.

अर्ज नेमका कुठल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, भट्टीच्या की घराच्या? आणि मजूर स्वतःहून परत आल्यावर प्रमाणपत्र आणि वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या २०२१ च्या केंद्रीय योजनेतली ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत कोणी प्रत्यक्षात मिळवून दिली आहे का?