टीव्ही चालू असताना आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, सकाळी फार. मदरबोर्डच गेला असेल का?

सुरंगी

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय. घरी ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, २०१९च्या पाडव्याला घेतलेला. वॉरंटी केव्हाच संपली. दिवाळीपासून तो मध्येच काळा पडतो, पाच-सहा सेकंदांनी कंपनीचं नाव येतं आणि पहिल्यापासून सुरू होतो. आधी दोन दिवसांतून एखाद वेळ व्हायचं. आता थंडी पडल्यापासून सकाळी लागोपाठ पाच-सहा वेळा होतं.

माझी आई ८१ वर्षांची आहे. गणपतीच्या आधी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून आधाराशिवाय उठता येत नाही. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, सकाळी साडेनऊला बाहेर पडते ती दोनला परत. शेजारच्या काकी मध्ये एक-दोनदा डोकावून जातात, बाकी आई आणि टीव्ही. आमच्याकडे डीडी फ्री डिशचा बॉक्स आहे. टीव्ही पुन्हा सुरू झाला की बॉक्सवर येत नाही, स्वतःच्या मुख्य पानावर थांबतो. तिथून एचडीएमआय १ वर जायला रिमोटची चार बटणं दाबावी लागतात आणि आईला जवळचं नीट दिसत नाही. म्हणजे मी गेल्यावर टीव्ही एकदा गेला की दोनपर्यंत ती त्या चौकटी बघत पडून राहते. परवा मी घरात पाय ठेवला तर पहिलं वाक्य, "मी काय नाय हो दाबलंय." तिला वाटतं, तिच्याच हातून बिघडलं. म्हणून इथे विचारतेय.

एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने दहा मिनिटं टीव्ही चालू ठेवून बघितला, मागचं झाकण उघडलं नाही, आणि मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. ८,५०० रुपये, नाहीतर नवीन घ्या. माझ्या मानधनातून एवढे पैसे एकदम काढणं सोपं नाही, पण खरंच मदरबोर्ड असेल तर काढेन. आधी खात्री हवी.

मी केलेलं: रिमोटचे सेल काढून टीव्हीवरच्या बटणाने चालू केला (रिमोटचं बटण अडकलंय का बघायला), तरी तेच. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढली, तरी तेच.

बिनतारी

ताई, मी पुण्यात टीव्हीच्या अ‍ॅपवर काम करतो. सॉफ्टवेअरची बाजू सांगतो.

आधी टीव्ही एकटा करा. फ्री डिशच्या बॉक्सची एचडीएमआय वायर, पेनड्राइव्ह लावला असेल तर तो, सगळं काढा. वायफाय बंद करा. मग टीव्ही मुख्य पानावर तासभर नुसता ठेवा. एकटा असताना नीट चालला तर दोष वायरीत किंवा बॉक्समध्ये शोधायचा. सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय असते, तिच्यामुळे बॉक्स टीव्हीला चालू-बंद करू शकतो. ती बंद करून बघा.

दुसरं, तो नेमका कुठे पडतो, म्हणजे बंद होऊन पहिल्यापासून सुरू होतो, हे महत्त्वाचं. दर वेळी कंपनीच्या नावावरच, ठरावीक सेकंदाला पडत असेल आणि मुख्य पानापर्यंत पोचतच नसेल तर सॉफ्टवेअर किंवा आतली मेमरी खराब असण्याचा संशय जास्त. तुमचा पोचतो, चालतो, मग पडतो. त्यामुळे फॅक्टरी रीसेट शेवटी करा, त्यात सगळं पुसलं जातं.

आणि दुरुस्ती होईल तेव्हा होईल, आईंसाठी एक गोष्ट आजच बघा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत चालू होताना मुख्य पान दाखवायचं की शेवटचा इनपुट, हे निवडता येतं. पॉवर किंवा सिस्टिमच्या सेटिंगमध्ये शोधा. ते मिळालं तर टीव्ही पडला तरी मिनिटाभरात आपणहून बॉक्सवर येईल.

वाशिष्ठीकाठ

आमच्याकडे चिपळूणला असंच होतं. व्होल्टेज कमी असतं, दुसरं काही नाही. स्टॅबिलायझर घ्या आणि निर्धास्त व्हा.

जुना कारागीर

ताई, कोल्हापुरात ३० वर्षं टीव्ही दुरुस्त केले. डब्यासारख्या पिक्चर ट्यूबपासून या पातळ पॅनलपर्यंत. आता दुकान मुलगा बघतो.

स्टॅबिलायझर लगेच घेऊ नका. सेटच्या मागच्या चिठ्ठीवर बघा, १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं बहुतेक. तेवढ्यात कुठेही व्होल्टेज असलं तरी आतला सप्लाय बोर्ड, म्हणजे सेटला वीज पुरवणारा बोर्ड, चालवून घेतो. गावाकडे व्होल्टेज बसतं ते संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे-पंप लागल्यावर. तुमचा सेट सकाळी पडतोय.

झाकण न उघडता मदरबोर्ड म्हणणं मला पटलेलं नाही. चार दिवस एवढं लिहून ठेवा:

किती वाजता पडला, आणि चालू केल्यापासून किती मिनिटांनी.
रात्री प्लग काढला होता की नुसता स्टँडबायवर होता.
पडताना खालचा लहान दिवा पूर्ण विझला का.
आवाज आणि चित्र एकदम गेलं, की आवाज राहिला आणि चित्र गेलं. आवाज राहत असेल तर पॅनलवर तिरका बॅटरीचा उजेड टाका. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या पट्ट्या गेल्यात, ते दुखणं वेगळं.

सुरंगी

बिनतारी, सगळं काढून टीव्ही एकटा ठेवला, तरी पडला. पण शेवटच्या इनपुटची सोय सापडली! सिस्टिममध्ये तळाला होती. परवापासून टीव्ही पडला तरी एक-सव्वा मिनिटात आपोआप फ्री डिशवर येतो. आईला एवढंच सांगितलं की काळा झाला तर शंभर आकडे मोजायचे. मोजते ती. हे आधी कोणी सांगितलं असतं तर तिचे दोन महिने असे गेले नसते. तुमचे उपकार आहेत.

कारागीर काका, कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं असं आहे. साडेनऊनंतरचं काकींनी बघितलं.

सोमवार. रात्री प्लग काढलेला, पहाटे चांगलंच गार. ९:०० ला चालू. ९:०३, ९:०५, ९:०९, ९:१८, ९:३६ ला पडला. नंतर दुपारी चारपर्यंत एकदाही नाही.
मंगळवार. रात्री प्लग तसाच ठेवला, स्टँडबायवर. सकाळी तीनदाच पडला. रात्री ८:१२ ला मात्र एकदा.
बुधवार. प्लग काढलेला. सहा वेळा.
गुरुवार. मुद्दाम सकाळी न लावता दुपारी साडेबाराला लावला. एकदाच पडला.

आवाज आणि चित्र एकदम जातं. सकाळी पडताना खालचा लाल दिवा विझत नाही, लुकलुकतो. मंगळवारी रात्री मात्र पूर्ण विझला होता, आणि त्याच क्षणाला फ्रीज घुं करून सुरू झाला. टीव्ही आणि फ्रीज एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहेत.

जुना कारागीर

शाबास ताई. एवढं लिहून आणणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटलं. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत.

सकाळचं आधी. गार असताना पडतो आणि गरम झाल्यावर टिकतो, म्हणजे माझा संशय सप्लाय बोर्डावरच्या कंडेन्सरवर. हे उभे, डबीसारखे असतात, आत ओला द्रव असतो. पाच-सात वर्षं उष्णतेत राहून तो सुकत जातो आणि कंडेन्सरचा आतला अडथळा वाढतो. गारव्यात आणखी वाढतो. सेट सुरू होताना बॅकलाइट, प्रोसेसर, वायफाय एकदम करंट मागतात, १२ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसते आणि प्रोसेसर पहिल्यापासून सुरू होतो. दर खेपेला बोर्ड थोडा तापतो, म्हणून पाचव्या-सहाव्या वेळी सेट टिकतो. स्टँडबायवर ठेवल्यावर कमी पडला तो याचमुळे, बोर्डात थोडी ऊब राहते.

उघडायला सांगा तेव्हा समोर उभ्या राहा. सप्लाय बोर्डाच्या बाहेरच्या बाजूला, जिथून मदरबोर्डकडे वायर जाते, तिथल्या कंडेन्सरांची डोकी बघा. सपाट असली पाहिजेत. फुगीर असतील किंवा खाली तपकिरी डाग असेल तर तेच. सगळी सपाट दिसली तरी मीटरने तपासायला सांगा, कधी कधी न फुगताही सुकतात. नवे घालताना मायक्रोफॅरडचा (क्षमतेचा) आकडा तोच, व्होल्टचा तोच किंवा वरचा, आणि १०५ डिग्रीचे, लो ईएसआर, म्हणजे आतला अडथळा कमी असलेले. शेजारचे त्याच जातीचे असतील तेही बदलून घ्या. सुटा माल अगदी स्वस्त असतो, पैसे कामाचे द्यायचे.

घरात कोणी हौसेने उघडायला बसेल तर बसू देऊ नका. त्या बोर्डावर एक मोठा कंडेन्सर असतो, ४५० व्होल्टचा. घरातली वीज २३० व्होल्टची असली तरी त्याच्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास साठतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतं. मी जवळच्या माणसाचा हात भाजलेला बघितलाय.

दुसरं दुखणं तो एक्स्टेन्शन बोर्ड. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना ओढ मोठी असते, आणि सॉकेटच्या पट्ट्या ढिल्या असतील तर तिथेच तुटतं. प्लग हलवून बघा, आत चुर्र असा आवाज येतो का. फ्रीज भिंतीतल्या सॉकेटवर न्या. ढिला सॉकेट तापतो, आणि आई एकट्या घरात झोपून असतात. हे टीव्हीच्या आधी करा.

वाशिष्ठीकाठ

काका, पटलं. आमच्याकडे संध्याकाळी होत होतं, म्हणून मी तसं म्हटलं.

सुरंगी

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

एक्स्टेन्शन बोर्ड त्याच संध्याकाळी काढला. मागचं प्लास्टिक एका कोपऱ्यात पिवळं पडून वितळलेलं होतं. मी रोज त्याच्यासमोरून जात होते. वायरमनला बोलावून फ्रीजसाठी भिंतीत वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला. त्यानंतर रात्रीचं पडणं बंद.

टीव्ही गोधडीत गुंडाळून, रिक्षात उभा धरून लांज्याला नेला. तिथे एक तरुण मुलगा दुरुस्ती करतो. त्याला सगळं लिहिलेलं दाखवलं, त्याने शांतपणे वाचलं. गादीवर पालथा ठेवून झाकण काढलं. आत जाळीच्या दोन फटींत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली होती, बाहेरून ब्रश फिरवून ती मला कशी दिसणार! आणि तुम्ही सांगितलेल्या जागी तीन कंडेन्सर, १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. दोघांची डोकी स्पष्ट फुगलेली. बोट फिरवलं तर कळत होतं. त्याने तिन्ही बदलले, २५ व्होल्टचे घातले, माती काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना लावून बघतो म्हणून सेट रात्रभर ठेवून घेतला. सगळे मिळून ४५० रुपये.

आज १३ दिवस झाले. एकदाही पडलेला नाही. गेल्या आठवड्यात दोन पहाटा आधीपेक्षा गार होत्या, मी मुद्दाम रात्री प्लग काढून ठेवला होता. आई पहिले तीन-चार दिवस मधूनच आकडे मोजायला लागायची, पन्नाशीला आली की माझ्याकडे बघायची. आता तिला मीच सांगितलंय, की तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं, दोन डब्या फुगल्या होत्या. त्या दोन्ही डब्या मी मागून आणल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने बोटाने चाचपून बघितल्या आणि उशाशी ठेवल्यात. काल काकींनाही दाखवल्या.

एक विचारायचं राहिलं. आता रात्री प्लग काढू की ठेवू?

जुना कारागीर

सध्या तसाच ठेवलात तरी चालेल, बटणाने बंद केला की पुरे. पण मे महिन्यात वळवाचे ढग भरून आले, लांब गडगडायला लागलं, की प्लग काढायचा आणि डिशची वायर बॉक्समधून सोडायची. दोन्ही. लोक प्लग काढतात आणि डिशची वायर विसरतात, मग वीज छपरावरच्या छत्रीवाटे बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत येते. तुम्ही अंगणवाडीत असाल तेव्हासाठी काकींना दोन्ही वायरी आताच दाखवून ठेवा, एकीला लाल दोरा बांधा. आईंना नमस्कार सांगा.