ट्रेलर ओढण्यासाठी ट्रकच्या चासीला हुक वेल्डिंगने बसवावा काय?

प्रश्न : कोयनाकाठ, कराड

नमस्कार. मी रस्त्यांची लहान कंत्राटे घेतो. माझा सहा चाकी ट्रक आहे आणि रोलर एका कामावरून दुसऱ्या कामावर नेण्यासाठी नुकताच एक जुना चार चाकी ट्रेलर घेतला आहे. रोलरसह त्याचे वजन 10 टनांच्या आसपास भरते. ट्रकच्या मागे शेवटच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळ्याला, कंपनीने दिलेली पिन आहे, परंतु ती चिखलात रुतलेली गाडी ओढून काढण्यापुरतीच असल्याचे मला सांगण्यात आले. आमच्या नेहमीच्या वेल्डरचे म्हणणे असे की, 16 मिमीची प्लेट आडवी टाकून ती चासीच्या दोन्ही टोकांना चहूबाजूंनी झाळून देतो, तिच्यावर हुक बसवतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा.

त्यांच्या हाताविषयी मला शंका नाही. मात्र माझी बरीचशी कामे पाटणच्या पुढे, कुंभार्ली घाटाच्या बाजूला असतात, आणि गेल्या वर्षी ओळखीच्या एका गृहस्थांचा ट्रेलर चढावर सुटलेला मी स्वतः पाहिला आहे. सुदैवाने मागे कोणी नव्हते. नंतर वाकून पाहिले तेव्हा झाळ, म्हणजे वेल्डिंगचा सांधा, जशीच्या तशी होती; तिच्या अगदी कडेला चासीचाच पत्रा कापड फाटावे तसा फाटला होता. झाळ टिकली आणि पत्रा गेला, हे कसे? आणि मग सुरक्षित पद्धत कोणती?

उत्तर : फॅब्रिकेशनवाला, कुपवाड

आपण जे पाहिले त्यातच उत्तर आहे. आधी थोडा हिशेब करू. भरलेला ट्रक 16 टन आणि ट्रेलर 10 टन धरला, तर दोन्ही वजनांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, आणि त्याला 9.81 ने गुणायचे. हुकावर येणारी ओढ सुमारे 60 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 6 टन वजनाएवढी, येते. जोडणीचा हुक निवडताना त्याच्यावर कोरलेला ‘डी’ आकडा, म्हणजे हुक पेलू शकेल ती ओढ, याहून चांगला मोठा असला पाहिजे. आता झाळीचे पाहा. 8 मिमी मापाच्या कोपरा झाळीची, म्हणजे दोन पत्र्यांच्या कोपऱ्यात मारलेल्या झाळीची, खरी जाडी 0.7 पटीने, म्हणजे 5.6 मिमी धरतात. 100 मिमी लांबीला 560 चौरस मिमी क्षेत्र मिळते, आणि चौरस मिमीला 110 न्यूटन या नेहमीच्या मर्यादेने ती एवढीशी झाळ 61 किलोन्यूटन पेलते. म्हणजे कागदावर चार इंच झाळ पुरते! आपले वेल्डर तर मीटरभर मारणार आहेत. म्हणून ‘झाळ पुरेशी आहे का’ हा प्रश्नच येथे गैरलागू आहे.

खरा प्रश्न धातूच्या थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून तडा जाण्याचा आहे. ट्रेलर एकसारखा ओढत नाही; प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला तो मागे-पुढे हिसके देतो, आणि एका फेरीत असे हजारो हिसके बसतात. झाळ जेथे संपून मूळ पत्रा सुरू होतो, त्या रेषेवर धातू एकदम जाडाचा पातळ होतो, उष्णतेने त्याचा पोत बदललेला असतो, आणि वेल्डरचा हात जरा जड पडला असेल तर तेथे बारीक खाचही राहते, जिला आम्ही अंडरकट म्हणतो. तडा तिथूनच सुरू होतो. त्यातही चासीच्या सी-चॅनेलच्या, म्हणजे इंग्रजी ‘सी’ आकाराच्या लांब तुळ्याच्या, वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्लँजवर, आडवी झाळ मारणे सर्वांत वाईट, कारण चासी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिथेच असतो. पुष्कळ ट्रकांची चासी जास्त ताकदीच्या पोलादाची असते आणि झाळीच्या उष्णतेने तिची ती ताकद त्या पट्ट्यात कमी होते. म्हणून कंपन्या फ्लँजवर झाळ मारण्यास आणि भोक पाडण्यासही मनाई करतात.

माझ्या मते वेल्डिंग चासीवर करूच नये, ते टेबलावर करावे. 10 किंवा 12 मिमीच्या दोन बाजूच्या प्लेटा घ्याव्यात, त्या चासीच्या उभ्या बाजूला आतून बसतील अशा कापाव्यात आणि अर्धा मीटरभर पुढे न्याव्यात. त्यांच्यामध्ये जाड चॅनेलचा आडवा तुळा टाकून, कोपऱ्यांना त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराच्या प्लेटा, देऊन हा सगळा सांगाडा दुकानातच झाळावा, जेथे काम उलटसुलट करून प्रत्येक झाळ सपाट मारता येते. मग तो 8.8 किंवा 10.9 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टांनी चासीच्या उभ्या बाजूला जोडावा. भोके ड्रिलनेच पाडावीत, गॅस कटरने कदापि नाही. प्लेटांची पुढची टोके सरळ न कापता तिरकी कापावीत, नाहीतर ताकद जेथे अचानक संपते तेथे पुन्हा तीच कथा.

उत्तर : ऊसवाहतूक, पलूस

एवढे सगळे लागते का, असा नम्र प्रश्न आहे. आमच्याकडे हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चालतात आणि मागच्या ट्रॉलीचा हुक पुढच्या ट्रॉलीला गावातच झाळलेला असतो. माझा एक हुक दहा हंगाम झाले तरी हललेला नाही.

उत्तर : फॅब्रिकेशनवाला, कुपवाड

आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही. परंतु ट्रॉलीचा सांगाडा साध्या मऊ पोलादाच्या चॅनेलचा असतो, त्याला झाळ मानवते, आणि आपला वेगही कमी असतो. ट्रकची चासी हे वेगळे जनावर आहे. शिवाय हंगामापूर्वी त्या हुकाच्या कडा तारेच्या ब्रशने साफ करून एकदा नीट पाहाव्यात, ही विनंती.

उत्तर : निवृत्त फोरमन, मिरज

वरील मताशी सहमत आहे. केवळ टेबलावरच्या झाळीविषयी लिहितो, कारण तिथेही खूप हयगय होते. या कामाला 6013 चा साधा वेल्डिंग रॉड नको, 7018 चा जास्त ताकदीचा घ्यावा. मात्र 7018 हा रॉड हवेतील ओल शोषतो, आणि त्या ओलीतील हायड्रोजन झाळीत शिरला की तडा लगेच न जाता एक-दोन दिवसांनी जातो. पावसाळ्यात फोडून ठेवलेल्या पाकिटातील रॉड म्हणजे भिजलेली काडेपेटी! ते सुमारे 300 अंश सेल्सिअसला तासभर भाजून गरम गरमच वापरावेत. 3.15 मिमीच्या रॉडला 100 ते 140 अँपिअर लागतो आणि रॉड धरणारा होल्डर मशीनच्या पॉझिटिव्हला ठेवावा लागतो. दुपारी शेतीचे पंप सुरू झाले की आपल्या भागात व्होल्टेज बसते, रॉड चिकटू लागतो, आणि मग वेल्डर ‘चालतंय’ म्हणून तसाच ओढत नेतो. अशा वेळी काम थांबवावे.

दुसरी गोष्ट हुकाची. घडीव हुक बहुधा ईएन-8 सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाचा असतो. थंड अवस्थेत त्याला झाळ मारली की झाळीच्या शेजारचा भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. त्यामुळे हुक झाळूच नये, तो आडव्या तुळ्याला बोल्टांनीच धरावा.

तिसरी गोष्ट : कोणत्याही कारणाने ट्रकवर झाळ मारावीच लागली, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी, इंजिनच्या संगणकाचे प्लग सोडावेत, आणि अर्थिंगचा चिमटा झाळीच्या शेजारीच, रंग खरवडून लावावा. चिमटा बंपरला आणि झाळ मागे, असे केले की करंट मधल्या बेअरिंगांतून वाट काढतो. ब्रेकच्या नायलॉन हवानळ्या आणि डिझेल टाकी कोठे आहेत, हे आधी हाताने चाचपून पाहावे.

उत्तर : वाहतूकदार, सातारा

कागदोपत्री बाजू राहिली. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. तेव्हा काम करण्यापूर्वी कराडच्या एमएच-50 परिवहन (आरटीओ) कार्यालयात विचारून लेखी घ्यावे. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. आणि त्या ट्रेलरला स्वतःचे हवेचे ब्रेक आहेत ना? घाटात 10 टनांचे बिनब्रेकचे ओझे मागून ढकलू लागले की हुक कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही. हुकाखालून दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेदून अवश्य घालाव्यात आणि त्यांचे कडे हुकाच्या बोल्टांना न अडकवता तुळ्याला स्वतंत्र द्यावे.

पुन्हा : कोयनाकाठ, कराड

सर्वांचा आभारी आहे. काल वेल्डरना घेऊन ट्रकखाली गेलो. उजव्या चासीच्या शेवटच्या हातभर भागावर रंगाचा थर जरा जाड वाटला म्हणून त्यांनी ग्राइंडर फिरवला, तर खाली आधीच्या मालकाने मारलेली जुनी ठिगळपट्टी निघाली. तिच्या खालच्या कोपऱ्यातून फ्लँजकडे केसाएवढी काळी रेघ गेलेली दिसते. नखाला ती जाणवते न जाणवते. ती तडा आहे की ग्राइंडरचा ओरखडा, हे कसे ठरवावे?

उत्तर : फॅब्रिकेशनवाला, कुपवाड

डाय पेनिट्रंटचे, म्हणजे रंगाने तडा शोधण्याचे, तीन डबे मिळतात. पहिल्याने जागा स्वच्छ करावी, दुसऱ्यातील लाल रंग फवारून पंधरा मिनिटे थांबावे, तो फडक्याने पूर्ण पुसून तिसऱ्यातील पांढरा थर हलकेच मारावा. ओरखडा असेल तर पांढरे पांढरेच राहील. तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर उमटेल. ती उमटली तर हुकाचा विषय बाजूला ठेवून आधी त्या चासीची दुरुस्ती कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून करून घ्यावी, आणि तोपर्यंत ट्रकवर पूर्ण भारही घालू नये. निकाल काय येतो तो फोटोसह येथे कळवा.