मदत हवी आहे : धर्मगुरूंनी इतर समाजाशी ओळख कशी वाढवावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रार्थनास्थळाच्या समितीत मी काम करते. नवे धर्मगुरू आले आहेत. आपल्या अनुयायांपलीकडेही जाणं-येणं असावं, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. आसपास इतर धर्मांची कुटुंबं आहेत, देवधर्म न मानणारेही आहेत.

समितीतल्या काहींचं म्हणणं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्वधर्मीय सभा घेऊ. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये तो आठवडा आंतरधर्मीय सौहार्दासाठी ठरवला आहे. सभेला माझी ना नाही. पण भाषणं होतात, फोटो निघतात आणि मग वर्षभर कुणी कुणाची चौकशी करत नाही. मला ते पुरेसं वाटत नाही.

मध्यंतरी शेजारचे एक काका तक्रार घेऊन आले. प्रार्थनेच्या दिवशी त्यांच्या फाटकासमोर गाड्या लागतात, त्यामुळे आजारी आईला दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. आमच्या स्वयंसेवकाने त्यांना 'लेखी अर्ज द्या' म्हणून वाटेला लावलं! धर्मगुरूंच्या कानावर गेलं तसे ते संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी गेले, आईंची विचारपूस केली आणि पुढच्या प्रार्थनेपासून त्या फाटकाशी एक माणूस उभा केला. आता काका रस्त्यात थांबून बोलतात. धर्माचा विषयसुद्धा निघाला नव्हता. असंच काहीतरी कायमचं उभं राहावं असं वाटतं.

नायजेरियातल्या कडुना इथले इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये एके काळी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या गटांत होते. १९९५ पासून ते दोघं मिळून तंटे मिटवण्याचं काम करताहेत. इतकं वैर असून त्यांना जमलं, तर आमच्याकडे तर नुसता अनोळखीपणा आहे.

अडचणी दोन. बाहेरच्यांना मदत करायला गेलं की 'धर्मप्रसाराला आले' असा संशय येतो. तो न बोलता कसा दूर करायचा? आणि आमचीच ज्येष्ठ मंडळी कुरकुरतात, 'यांना आपल्या माणसांसाठी वेळ नाही'. ही दुसरी अडचण मला जास्त जड जाते, कारण त्यांचंही अगदीच चूक नाही. आजारी अनुयायांच्या भेटी खरोखर मागे पडल्या आहेत.

शिवाय निवडणुकीच्या काळात उमेदवार भेटायला येतात, तेव्हा धर्मगुरूंनी काय करावं?

कुणी असं काम जवळून पाहिलं असेल, तर काय टिकलं आणि काय बारगळलं ते कृपया सविस्तर लिहा. समितीची बैठक लवकरच आहे, तिथे तुमचे अनुभव वाचून दाखवीन.