मदत हवी आहे : थंडीत कॅरलसाठी (नाताळच्या गाण्यांसाठी) पेटी-गिटार जुळवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी जालन्याचा, चर्चच्या तरुण संघात गिटार वाजवतो. एरवी कानात मराठी रॅप नाहीतर के-पॉप, पण डिसेंबरात घरोघरी गाताना ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनंच हवीत, हे माझं ठाम मत. ढोलकीवर अभंगाची चाल लागली की शाल गुंडाळलेल्या आज्यासुद्धा उंबऱ्यात येऊन टाळ्या धरतात.

अडचण अशी : घरात पेटीला जुळवलेली गिटार बाहेरच्या गारठ्यात चढी बोलते, तारा आखडतात. प्रत्येक दारात खुंट्या कोण पिळत बसणार? वाद्यं आधीच अंगणात ठेवून मग जुळवावीत का?

शिवाय आम्ही काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातो. कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) गिटारच्या पहिल्या फ्रेटवर, म्हणजे पहिल्या घरात, लावून जी मेजर धरतो. लेकरांचा आवाज वर पोचत नाही. त्याहून खालची काळी दोन घ्यावी का? जाणकारांनी सांगा.