शब्दचर्चा : रोगांचं ‘सर्वेक्षण’, ‘पाळत’ की ‘टेहळणी’?

प्रश्न : डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. सर्व्हे (एकदा केलेली पाहणी) आणि सर्व्हेलन्स (रोगावर सतत ठेवलेलं लक्ष), दोन्हींना आपण ‘सर्वेक्षण’च म्हणतो. ‘सर्वेक्षण कमी झालं की विषाणू नकळत पसरतात’ यातून अर्थ पोचतो का? की ‘पाळत’ बरा?

प्रतिसाद : ‘पाळत’ नको, ताई. पाळत ठेवतात ती संशयितावर, त्याला कळू न देता. आशाताई दार वाजवून येतात. ‘टेहळणी’ बघा. बुरुजावरून टेहळणी करतात ती शत्रू दिसायच्या आधी, आणि ती रोज करावी लागते.

प्रतिसाद : मी हिवताप विभागात बरीच वर्षं काढली. आमच्या तोंडी ‘सर्वेक्षण’च होतं. बॅटरी मारून रांजणात, पिंपात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये बघायचं. अळी वळवळताना दिसली की वहीत ‘दूषित भांडी’च्या रकान्यात एक रेघ. शब्द रुळलेला आहे, तो बदलू नका. पण ‘सर्वेक्षण झालं’ म्हटलं की लोकांना वाटतं, काम संपलं. घरांची मोजणी एकदा होऊन संपते, हे संपत नाही. म्हणून ‘नियमित सर्वेक्षण’ लिहा.

दुसरा शब्द ‘आढळणे’. ‘रुग्ण आढळला नाही’ आणि ‘रुग्ण नाही’ यांत फार अंतर आहे, बातम्यांत सर्रास एकासाठी दुसरं येतं, याचं मला वाईट वाटतं. १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची साथ आली. पुढे तीसेक वर्षं मोठी साथ नाही, तेव्हा तो गेलाच असं धरलं गेलं. २००५च्या अखेरीला तो उसळला. २००६ मध्ये देशात १३ लाखांवर संशयित रुग्ण झाले. नंतर पुण्याच्या एनआयव्हीतला (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतला) एक जुना विषाणू तपासला गेला, २००० साली दौंड तालुक्यातल्या यवतला डासांत सापडलेला. तो याच साथीच्या आफ्रिकी वाणाचा निघाला. बार्शीचा वाण आशियाई होता. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी हा नवा वाण तिथं होता.

प्रतिसाद : याला आमच्याकडे ‘धुमसणं’ म्हणतात. वर धूर नाही, आत विस्तव. ‘छुपा प्रसार’पेक्षा मला हा जवळचा वाटतो. डासांमुळेच पसरणाऱ्या झिका विषाणूला तर चपखल, बहुतेकांना लक्षणंच नसतात. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले म्हणून रक्तनमुने घेतले. बरेच चिकनगुनियाचे निघाले, आणि त्यांत राज्यातला पहिला झिका. नमुने गेलेच नसते तर सगळा ताप ‘व्हायरल’ म्हणूनच गेला असता.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. असं केलं : ‘नियमित सर्वेक्षण थंडावलं की विषाणू गावोगाव धुमसत राहतो, आणि कागदावर मात्र एकही रुग्ण नसतो.’

प्रतिसाद : ‘नसतो’ नको ताई, ‘आढळत नाही’ करा.