मदत हवी आहे: मेक्सिको सिटीतली अ‍ॅझ्टेक शिल्पं कशी बघावीत?

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईला घेऊन मेक्सिको सिटीला जातेय आणि माझा सगळा जीव अ‍ॅझ्टेक शिल्पांत अडकलाय. १९७८ साली वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना कोयोलशाउकी देवीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा सापडली आणि मग भर शहरात तेम्प्लो मायोरचं, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्या मुख्य मंदिराचं, मोठं उत्खनन सुरू झालं. ती शिळा तिथल्याच संग्रहालयात आहे. सूर्यशिळा आणि कोआत्लिक्वे देवीची मूर्ती मात्र मानववंशशास्त्र संग्रहालयात. कोआत्लिक्वेची मूर्ती १७९० मध्ये सापडली आणि लोक पुन्हा तिला पुजू लागतील या धास्तीने परत पुरली गेली! तिच्यासमोर बसून मला स्केच करायचंच आहे.

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा ना. दोन्ही संग्रहालयं एका दिवसात नीट बघून होतात का? वही-पेन्सिल आत नेऊ देतात का? राष्ट्रीय राजवाड्यातलं चित्रकार दिएगो रिव्हेराचं तेनोच्तित्लानचं (अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीचं) भित्तिचित्र बघायला आधी नोंदणी लागते का? आणि शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्कोला चिनाम्पा, म्हणजे उथळ तळ्यात गाळ रचून केलेली शेतं, आजही पिकतात. पर्यटकांच्या गाण्या-बजावण्याच्या होड्या टाळून तिथल्या शेतकऱ्यांपर्यंत कसं पोचायचं? आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, तेवढं लक्षात घेऊन सुचवा.