मोठी स्वप्नं दाखवायची की कागद जमवायचे? नागपूरच्या मुस्लिम मुलांसाठी मेंटॉरिंग

विणकाम (ऑनलाइन चर्चेचा धागा उघडताना)

मोमिनपुरा, टेका नाका, हसनबाग, ताजबाग इथल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी मेंटॉरिंग सुरू करायचं म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘या मुलांना मोठी स्वप्नं दाखवा.’ मला हे पटत नाही. स्वप्नं आहेत. देशातल्या मुस्लिमांची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात सांगितलं की सहा ते चौदा वयातलं चारातलं एक मुस्लिम मूल शाळेत गेलंच नव्हतं किंवा मधेच गळलं होतं. त्याच अहवालाने ‘यांच्या आईबापांना शिक्षणच नको असतं’ हा समजही खोडून काढला. गाडी अडते ती तारखांपाशी आणि कागदांपाशी.

एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीचंच घ्या. आठवीत द्यायची परीक्षा. सातवीला ५५ टक्के, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी, मनपाची किंवा अनुदानित. ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर, उर्दूतूनही देता येतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. एवढे पैसे घरात आले की पोराला कामाला लावायची घाई ओसरते. पण फॉर्म शाळेमार्फत जातो. शाळेने टाळला तर मुलाला परीक्षा असते हेही कळत नाही. पुढची गोम अशी की दहावीला ६० टक्के नाही पडले तर पैसे थांबतात, आणि दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला गेलं तरी थांबतात. हे आधी माहीत असलं तर घर तसा हिशेब करतं.

म्हणून माझी मांडणी: एका मेंटॉरमागे चार मुलं, रविवारी दीड तास, किमान दोन वर्षं. पहिला महिना फक्त फाइल, म्हणजे मुलाचे सगळे कागद जमवणं.

सावली

फाइलला विरोध नाही. ‘स्वप्नं आहेत’ याला आहे. मुलाला विचारा, काय व्हायचंय? डॉक्टर, आयएएस. लगेच दुसरा प्रश्न टाका: विसाव्या वर्षी तू कुठे असशील? उत्तर येतं, ‘मामूच्या गॅरेजवर.’ ही दोन उत्तरं एकाच तोंडून, एकाच मिनिटात येतात. पहिलं स्वप्न झालं, दुसरी त्याची अपेक्षा, आणि मूल वागतं ते दुसऱ्याप्रमाणे. अकरावी सायन्स सोडून देतं ते कागद नसतो म्हणून नव्हे. उर्दूतून आलेल्या मुलाला फिजिक्स इंग्रजीत सुरू होतं, पहिल्या चाचणीत तो आपटतो, आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणणारे दहा जण आजूबाजूला असतात. ‘जुलैत सगळेच आपटतात, दिवाळीपर्यंत जमतं’ हे सांगणारा कुणी नसतो.

तो सांगणारा मोठा अधिकारी असून भागत नाही. दोन-तीन वर्षं पुढे गेलेला, त्याच गल्लीतला डिप्लोमावाला किंवा लॅब टेक्निशियन हवा. त्याचं बोलणं खरं वाटतं.

दाखलखारीज

दोघांनीही जातीच्या दाखल्याचं नाव काढलं नाही. माझ्या मते खरी गाठ तिथे आहे.

महाराष्ट्रात मोमिन-जुलाहा, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा मुस्लिम जाती ओबीसीत आहेत. अडचण अशी की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या टीसीवर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. अर्ज तिथेच परत येतो. अशा वेळी आजोबांच्या सख्ख्या-चुलत भावांची टीसी, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुनी जन्ममृत्यू नोंद हे धुंडाळावं. एखाद्या नोंदीत ‘मोमिन’ किंवा ‘जुलाहा’ सापडतं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे जातवैधता (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) असेल तर ती सगळ्यात भक्कम. आणि आडनाव ‘शेख’ आहे म्हणजे ओबीसी नाही, असं घरचेच धरून बसतात. आडनाव आणि जात वेगळी.

जात ओबीसीत नसेल तर पुराव्यामागे दोन वर्षं घालवू नका, तहसीलमधून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढा. त्याची मुदत एका आर्थिक वर्षापुरती, दर वर्षी नव्याने.

नावाचं तर विचारू नका. रजिस्टरात ‘मो.’, आधारवर ‘मोहम्मद’, बँकेत तिसरंच. ‘शेख’ एका कागदावर नावाआधी, दुसऱ्यावर शेवटी. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी शाळेत दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटल्यावर तेच काम राजपत्रापर्यंत जातं. मेंटॉरने नववीतच सगळे कागद एका टेबलावर ठेवून अक्षर-अक्षर जुळवावं. वैधतेचा अर्ज अकरावीत. बारावीच्या निकालानंतर धावणाऱ्याची सीट कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) राउंडमध्ये हातची जाते.

पायवाट५६

दाखल्याने समाज उठतो हे मला मान्य नाही, आणि हे नागपुरात सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. १९५६ ला दीक्षा झाली. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला १९९० ला. मधली चौतीस वर्षं लोक शिकत राहिले ना? १९६४ ला दीक्षाभूमीवर कॉलेज उभं राहिलं. आधी ‘शिकायचंच’ हे वस्तीत ठरलं, मग बाकीचं झालं. मुस्लिम वस्त्यांत ते ठरवणारी माणसं घडवणं म्हणजे मेंटॉरिंग. त्याला कारकुनी करून टाकू नका.

दाखलखारीज

राज्याने बौद्धांना सवलती १९९० च्या खूप आधी दिल्या होत्या, ते सोडून कसं चालेल? वसतिगृहं होती, फी माफ होती. निर्धार होताच, पण त्याला पाय ठेवायला जागाही होती. इकडे २०१४ च्या जुलैत मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने शिक्षणातला भाग अंतरिम आदेशात राहू दिला, तरी अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. त्या सहा महिन्यांवर भरवसा ठेवून बसलेल्या मुलाला कुठली प्रेरणा द्यायची?

ओटा

मुलींचं वेगळं सांगते. इथे पहिली भेट मुलीशी नको, आईशी हवी, आणि तिच्याच घरी. मेंटॉर बाईच असावी. बैठक शाळेत किंवा उघड्या दाराच्या खोलीत, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) आत संपणारी. मुलीच्या फोनवर वैयक्तिक मेसेज नाहीत, आई असलेल्या ग्रुपवरच. हे नियम कुणाला जाचक वाटतील, पण एकदा गल्लीत कुजबुज झाली की चारही मुली एकाच आठवड्यात बंद होतात.

आईला पटतो तो आकडा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट एकच मोठी: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. इथे दाखलखारीज यांचा मुद्दा आणि सावली यांचा मुद्दा एकाच मुलीच्या हातात येतो.

कवायत

पोलीस भरतीचं कुणीच बोलत नाही. मैदानी ५० गुण, लेखी १००, आणि लेखीत मराठी व्याकरण. उर्दू शाळेतली मुलं १६०० मीटर मस्त पळतात आणि प्रयोग-समासावर गळतात. आठवड्यातला अर्धा तास मराठीला द्या, नववीपासून. बोलणं हिंदी-उर्दूत चालू दे, लिहिणं मराठीत.

सावली

विणकाम, तुमच्या मांडणीतली ‘दोन वर्षं’ सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मेंटॉरिंग संस्थेवर २००२ मध्ये अभ्यास झाला. वर्षभर टिकलेल्या जोड्यांना सर्वाधिक फायदा झाला, तीन महिन्यांत तुटलेल्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. इथे मिहानमध्ये (नागपूरच्या उद्योगक्षेत्रात) नोकरी करणारा तरुण मेंटॉर होतो, मार्चमध्ये पुण्याला जातो. मूल म्हणतं, हाही गेला. त्यापेक्षा सुरूच न केलेलं बरं.

विणकाम

हे खरं आहे. मग एका गटावर दोन मेंटॉर ठेवू: एक वस्तीतलाच, जो हलणार नाही, आणि एक बाहेरचा. फाइल वस्तीतल्याकडे. बाहेरचा गेला तरी रविवार चुकणार नाही. रमजानमध्ये वेळ सकाळी ११ ची, एक तासच. ‘विसाव्या वर्षी कुठे असशील’ हा तुमचा प्रश्न मी पहिल्या रविवारी घेतो, उत्तर लिहून त्याच फाइलमध्ये लावतो आणि दर सहा महिन्यांनी परत विचारतो. फाइल आधी की प्रश्न आधी, यावर मात्र मी अजून फाइलच म्हणतो. एनएमएमएसचा फॉर्म थांबत नाही.